अडीच व्होल्टवर बसवलेली साइन वेव्ह: पंपाच्या कार्डाच्या टेस्टिंगचं एक प्रकरण

साकीनाक्याच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या छोट्या गाळ्यात सोसायट्यांच्या पाण्याच्या पंपांसाठी कंट्रोल कार्डं बनतात. मुंबईत पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळेला येतं, जमिनीखालच्या टाकीत साठतं आणि पंप ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. खालची टाकी रिकामी झाली आणि पंप तसाच चालू राहिला, तर तो कोरडा फिरतो, सील जळतं आणि दुसऱ्या दिवशी सगळी बिल्डिंग सेक्रेटरीच्या दारात उभी राहते. हे कार्ड मोटरच्या करंटवर नजर ठेवतं. करंट ठरलेल्या मर्यादेखाली गेला, तर पंप कोरडा चालतोय असं समजून मोटर बंद करतं. फार वर गेला, तर ओव्हरलोड म्हणून बंद करतं.

करंट मोजायला कार्डावर एसीएस ७१२ हा हॉल सेन्सर आहे, तीस अँपवाला. त्याची वागणूक लक्षात घेतली तर पुढचं सगळं समजतं. सेन्सरला पाच व्होल्ट दिले आणि करंट शून्य असला, तर त्याच्या आउटपुटवर बरोबर अर्धे, म्हणजे अडीच व्होल्ट असतात. एका दिशेने एक अँप गेला की ६६ मिलिव्होल्ट वाढतात, उलट दिशेने गेला की ६६ मिलिव्होल्ट कमी होतात. मोटरचा करंट ५० हर्ट्‌झचा एसी. म्हणून सेन्सरमधून बाहेर पडते ती अडीच व्होल्टच्या आसपास वरखाली होणारी साइन वेव्ह. दीड एचपीचा पंप चालताना ८ अँप (आरएमएस, म्हणजे मीटरवर दिसणारा आकडा) घेतो असं धरलं, तर शिखर ११.३ अँपचं, म्हणजे अडीच व्होल्टच्या वर आणि खाली प्रत्येकी पाऊण व्होल्ट.

प्रत्येक कार्ड तपासायला खरी मोटर जोडून ८ अँप वाहवणं गाळ्यात परवडत नाही. जागा नाही, आणि मेनच्या उघड्या टर्मिनलांपाशी दिवसभर हात घालणं धोक्याचं. म्हणून मालकांनी ठरवलं की सेन्सर काढायचा आणि त्याच्या जागी फंक्शन जनरेटरचा, म्हणजे हव्या त्या आकाराची वेव्ह देणाऱ्या उपकरणाचा, सिग्नल द्यायचा. विचार उत्तम होता. अडचण एकच होती. गाळ्यातला जुना जनरेटर शून्याच्या आसपास फिरणारी साइन वेव्ह देतो, त्याला ऑफसेटचा, म्हणजे सगळी वेव्ह वर-खाली सरकवण्याचा, नॉब नाही, आणि कार्डावरच्या मायक्रोकंट्रोलर चिपला शून्याखालचं काही खपत नाही.

मला बोलावणं आलं तोवर दोन कार्डं गेली होती आणि स्कोपच्या, म्हणजे वेव्ह पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपच्या, एका प्रोबची काळी वायर क्लिपपाशी मऊ पडली होती. टेस्टिंगला बसणारी मुलगी डिप्लोमा केलेली, हुशार. काय काय जोडलं होतं ते तिने वहीत आकृतीसह काढून ठेवलं होतं. त्या वहीमुळेच हे प्रकरण इतकं नीट लिहिता येतंय.

सप्लाय मध्ये जोडला तेव्हा

तिचा पहिला विचार कुणालाही सुचेल असाच. अडीच व्होल्ट वाढवायचे आहेत, टेबलावर बेंच सप्लाय (हवं ते डीसी व्होल्टेज देणारा) आहे, मग तो जनरेटरच्या बरोबर सिरीजमध्ये घालू. तिने सप्लायचं मायनस कार्डाच्या ग्राउंडला लावलं, प्लस जनरेटरच्या काळ्या क्लिपला, आणि जनरेटरची लाल क्लिप कार्डाच्या इनपुटला. कागदावर दोन व्होल्टेजची बेरीज होते आणि हवं ते मिळतं.

कागदावर जनरेटरची काळी क्लिप मोकळी असते, टेबलावर ती मोकळी नसते. मेनवर चालणाऱ्या बहुतेक जनरेटरमध्ये बीएनसीचा (सिग्नलची केबल लागते त्या गोल सॉकेटचा) बाहेरचा धातूचा भाग चॅसिसला, म्हणजे धातूच्या खोक्याला, आणि चॅसिस तीन पिनच्या प्लगमधून अर्थिंगला जोडलेला असतो. स्कोपच्या प्रोबची काळी क्लिपही तशीच अर्थिंगला जोडलेली, आणि ती या वेळी कार्डाच्या ग्राउंडला लावलेली होती. आता सप्लायच्या प्लसपासून बोट फिरवत जा: प्लसपासून जनरेटरची काळी क्लिप, तिथून चॅसिस, अर्थची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, स्कोपची अर्थची वायर, प्रोबची काळी क्लिप, कार्डाचं ग्राउंड आणि परत सप्लायचं मायनस. बेंच सप्लाय अर्थिंगमधून सरळ शॉर्ट झाला होता. करंट लिमिटचा नॉब शेवटपर्यंत फिरवलेला, म्हणजे तीन अँप. ते तीन अँप प्रोबच्या बारीक काळ्या वायरमधून गेले आणि ती तापली. कार्डावर सिग्नल काही आलाच नाही.

सप्लाय काळ्या बाजूला न घालता लाल बाजूला घातला असता तर? तेही तपासून पाहिलं. त्या सप्लायच्या मायनस टर्मिनलला शेजारच्या हिरव्या अर्थ टर्मिनलशी जोडणारी पितळी पट्टी होती. अशी पट्टी बऱ्याच सप्लायना असते आणि ती काढता येते हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. ती असताना लाल बाजूला सप्लाय घातला, तर जनरेटरचं आउटपुटच अर्थला शॉर्ट होतं. पट्टी काढली, तर सप्लाय मोकळा होतो आणि बेरीज खरोखर होते. पण तेव्हाही कार्ड बंद असताना सप्लाय चालू राहिला, तर बंद चिपच्या पायावर अडीच व्होल्ट उभे राहतात. साध्या नऊ व्होल्टच्या बॅटरीतून अडीच व्होल्ट काढून सिरीजमध्ये घातले, तरी अर्थिंगचा गुंता सुटतो आणि ही अडचण तशीच राहते.

अर्थची पिन काढल्यावर

शॉर्ट अर्थिंगमधून होतोय हे कळल्यावर शेजारच्या गाळ्यातल्या एका अनुभवी माणसाने सल्ला दिला, ‘‘जनरेटरला दोन पिनचा प्लग लाव, सुटेल सगळं.’’ या एका सल्ल्याबद्दल मला जरा विस्ताराने लिहायचं आहे, कारण मुंबईतल्या कितीतरी वर्कशॉपमध्ये तो रोज दिला जातो.

दोन पिनचा प्लग लावला आणि शॉर्ट खरंच गेला. पण जनरेटरच्या मागे, जिथे मेनची कॉर्ड लागते, तिथे आत फिल्टर आहे. त्यात फेजपासून चॅसिसला एक छोटा कंडेन्सर आणि न्यूट्रलपासून चॅसिसला दुसरा तितकाच. अर्थची वायर असते तोवर त्यांतून जाणारा थोडासा करंट निमूट जमिनीत जातो. ती काढली की चॅसिस या दोन कंडेन्सरांच्या मधोमध लटकतो, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर. मल्टिमीटरने चॅसिस आणि अर्थ यांच्यामध्ये मोजलं, तर शंभराच्या वर आकडा दिसतो. हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. कंडेन्सर २.२ नॅनोफॅरडचे धरले, तर फेजकडून येणारा करंट सुमारे ०.१६ मिलिअँप. माणूस त्याने मरत नाही. पण आतलं इन्सुलेशन कधी फेल झालं, तर पूर्ण फेज चॅसिसवर येईल आणि तो वाहून न्यायला अर्थची वायरच नसेल. फ्यूज उडणार नाही, चॅसिस जिवंत राहील आणि पहिला हात लावणारा माणूस अर्थची वायर बनेल.

चिपचं मरण त्याआधीच येतं. मुलीने आधी लाल क्लिप कार्डाला लावली, काळी नंतर. वही तसंच सांगते. लाल क्लिपही आतून चॅसिसच्याच पातळीवर लटकत असते. ११५ व्होल्ट म्हणजे शिखराला १६० च्या वर, आणि चॅसिसवर साठलेला तेवढा चार्ज जनरेटरच्या आतल्या ५० ओहममधून चिपच्या पायात, तिथून कार्डाच्या ग्राउंडमधून स्कोपच्या अर्थला गेला. क्षणभरच, पण त्या क्षणी अँपांमध्ये. दुसरं कार्ड बहुधा असंच गेलं. त्या पायाचं रीडिंग १०२३ वर, म्हणजे सगळ्यात वरच्या आकड्यावर, अडकलं ते हललंच नाही, आणि बाकीची चिप मात्र ठीक चालत राहिली.

मी पहिली गोष्ट केली ती दोन पिनचा प्लग काढून तीन पिनचा परत बसवला. मालक म्हणाले, ‘‘साहेब, मग पुन्हा शॉर्ट होणार.’’ मी म्हटलं, ‘‘काका, सर्किट असं करू की अर्थ असूनही शॉर्ट होणार नाही. पिन काढायची वेळच यायला नको.’’

चिपला किती खपतं

कार्डावर एटीमेगा ३२८पी आहे, अर्डुइनो युनो आर३ या बोर्डावर असतो तोच. त्याच्या डेटाशीटमध्ये रिसेट सोडून कुठल्याही पायासाठी सीमा दिली आहे: शून्याखाली अर्धा व्होल्ट, आणि सप्लायच्या वर अर्धा व्होल्ट. यात एक बारीक गोष्ट लपलेली आहे. वरची सीमा साडेपाच व्होल्ट अशी ठरलेली नाही, ती त्या वेळच्या सप्लायवर अवलंबून आहे. कार्ड बंद असेल तर सप्लाय शून्य, मग वरची सीमाही फक्त अर्धा व्होल्ट. सुरक्षित वाटणारा अडीच व्होल्टचा ऑफसेट बंद कार्डाला सुरक्षित नाही. पायाच्या आतल्या डायोडमधून तो चिपच्या सप्लायमध्ये शिरतो, चिप अर्धवट जागी होते, कधी एलईडी मंद पेटतो. पायातून चिपला जेवू घालण्याचा हा प्रकार गाळ्यातही दिसला होता. ‘‘कार्ड बंद आहे तरी लाइट कसा लागतो?’’ असं तिने वहीत प्रश्नचिन्ह टाकून लिहिलं होतं.

आतल्या डायोडमधून किती करंट चालतो, याबद्दल चिप बनवणाऱ्यांची शिफारस एक मिलिअँपच्या आत राहण्याची आहे. या दोन आकड्यांवर, अर्धा व्होल्ट आणि एक मिलिअँप, पुढचं सगळं सर्किट बेतलं. कुणाच्या सवयीवर किंवा भिंतीवर चिकटवलेल्या सूचनेवर नाही. त्या टेबलावर रोज वेगळा हात असतो आणि नॉब कुठे ठेवलेला होता हे सकाळी कुणाला आठवत नाही.

कंडेन्सर आणि दोन रेझिस्टर

पुस्तकी उत्तर सगळ्यांना माहीत असतं. कार्डाच्या पाच व्होल्टपासून ग्राउंडपर्यंत दहा-दहा किलोओहमचे दोन रेझिस्टर, मधल्या जोडावर अडीच व्होल्ट. जनरेटरचा सिग्नल कंडेन्सरमधून त्या जोडावर. कंडेन्सर डीसी अडवतो, एसी जाऊ देतो, साइन वेव्ह अडीचवर बसते. अर्थिंगचा प्रश्नही आपोआप सुटतो, कारण जनरेटरची काळी क्लिप आणि कार्डाचं ग्राउंड आता सरळ एकत्र, मध्ये कुठलाही सप्लाय नाही.

मी जाण्याआधी त्यांनी हेही करून पाहिलं होतं, खोक्यात सापडलेला एक मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लावून. कार्ड चाललं, काही जळलं नाही, पण रीडिंग कमी येत होतं. जनरेटर ८ अँपच्या हिशोबाने लावला की कार्ड ६.७५ दाखवायचं. कोड लिहिणाऱ्याने सुचवलं की गुणक वाढवून टाकू. वाढवला नाही हे फार बरं झालं.

दोन दहा किलोओहम मिळून त्या जोडावर पाच किलोओहम दिसतात. पाच किलोओहम आणि एक मायक्रोफॅरड यांची कट-ऑफ (ज्या फ्रीक्वेन्सीखाली सिग्नल अडायला लागतो ती) सुमारे ३२ हर्ट्‌झ. सिग्नल ५० हर्ट्‌झचा. कट-ऑफ इतकी जवळ असली की सिग्नल पूर्ण पोचत नाही, सुमारे ८४ टक्केच पोचतो. ८ चे ६.७५ होतात ते इथेच. चूक कार्डाची नव्हतीच. गुणक वाढवून कार्ड बाहेर गेलं असतं, तर खऱ्या सेन्सरवर ८ अँपचे साडेनऊ दिसले असते. त्याहून वाईट म्हणजे, कोरडा पंप ५ अँपखाली ओळखायचा असेल आणि खरा करंट साडेचार असेल, तर कार्डाला तो ५.३ दिसला असता आणि पंप कोरडा चालतच राहिला असता. टेबलावरच्या एका कंडेन्सरची चूक कुठल्यातरी सोसायटीत सील जाळून उघडी पडली असती.

दहा मायक्रोफॅरड लावला की कट-ऑफ तीन हर्ट्‌झच्या आसपास येते आणि ५० हर्ट्‌झला फरक ०.२ टक्के. मोजमाप सुधारलं. सुरक्षितता मात्र बिघडली. कंडेन्सर डीसी अडवतो, पण नॉब चुकून पूर्ण फिरवला तर शिखराला १० व्होल्टची साइन वेव्ह त्यातून आरामात जाते. ५० हर्ट्‌झला दहा मायक्रोफॅरडचा अडथळा जेमतेम ३२० ओहम. म्हणजे चिपच्या पायातून ३० मिलिअँपच्या घरात करंट, जिथे एक मिलिअँप म्हटलंय. आणि जनरेटरवर साइनच्या शेजारचं स्क्वेअरचं बटण दाबलं गेलं, तर त्या उडीपुढे कंडेन्सर नसल्यासारखाच, मध्ये फक्त जनरेटरचे ५० ओहम.

आणखी एक गोष्ट, जी स्कोपवर पाहिल्याशिवाय पटत नाही. कार्ड चालू करण्याआधी कंडेन्सर रिकामा असतो. पाच किलोओहममधून दहा मायक्रोफॅरड भरायला पाव सेकंद लागतो. त्या पाव सेकंदाच्या सुरुवातीला साइन वेव्ह अडीचवर नसते, शून्यावर असते, आणि तिचा खालचा अर्धा भाग उणे पाऊण व्होल्टपर्यंत जातो. रोज, प्रत्येक कार्डाला, प्रत्येक वेळी चालू करताना. एखादं कार्ड त्याने लगेच मरत नाही, म्हणून ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

जे बसवलं ते

मी मध्ये एक ऑप-अँप (सिग्नल लहान-मोठा करणारी छोटी चिप) घातला, आणि त्याला सप्लाय कार्डाचाच दिला. सगळ्या सर्किटमधला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. पाच व्होल्टवर चालणारा ऑप-अँप आउटपुटवर पाचच्या वर आणि शून्याखाली काही देऊच शकत नाही. कार्ड बंद झालं की ऑप-अँपही बंद. सीमा कुणी पाळायची गरज उरत नाही, ती त्याच्या सप्लायनेच घातलेली असते.

जोडणी उलट्या प्रवर्धकाची. जनरेटरच्या बीएनसीच्या अगदी पाठीमागे १०० किलोओहमचा रेझिस्टर, मग एक मायक्रोफॅरडचा पॉलिस्टर कंडेन्सर, मग ऑप-अँपचा उणे पाय. आउटपुटपासून उणे पायापर्यंत २० किलोओहम. अधिक पायाला कार्डाच्या पाच व्होल्टमधून दहा-दहा किलोओहमने काढलेले अडीच, त्याच्यापाशी दहा मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. आउटपुटपासून कार्डाच्या पायापर्यंत एक किलोओहम. साइन वेव्ह उलटी होते, पण करंट मोजणाऱ्या कार्डाला त्याने काही फरक पडत नाही.

खोक्यातला जो एक मायक्रोफॅरड आधी कमी पडला होता, तोच इथे पुरला, कारण त्याच्या बरोबर आता पाचऐवजी १०० किलोओहम आहेत आणि कट-ऑफ दीड हर्ट्‌झच्या जवळ जाते. २० भागिले १०० म्हणजे सिग्नल पाचपट लहान होतो. हा आकडा मुद्दाम निवडला. जनरेटरचा नॉब शेवटपर्यंत फिरवला की वर १० आणि खाली १० व्होल्ट मिळतात. पाचपट लहान होऊन ते दोन-दोन व्होल्ट होतात. अडीचच्या वर दोन म्हणजे साडेचार, खाली दोन म्हणजे अर्धा. नॉब पूर्ण फिरवला तरी सिग्नल चिपच्या हद्दीतच राहतो, आणि तीस अँपच्या सेन्सरचं टोकही बरोबर तेच आहे. कार्ड बंद असताना जनरेटर पूर्ण चालू राहिला, तर १०० किलोओहममधून जास्तीत जास्त ०.१ मिलिअँप. एमसीपी ६००२ या ऑप-अँपच्या इनपुट पायाला दोन मिलिअँपपर्यंत चालतं.

एमसीपी ६००२ का, हेही सांगतो, कारण मुंबईच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, लॅमिंग्टन रोडला, मागाल त्या दुकानात आधी एलएम ३५८ हातात येतो. तो स्वस्त आहे, टिकाऊ आहे, माझ्याही खोक्यात कायम असतो. पण पाच व्होल्टच्या सप्लायवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या वर फारसं चढत नाही. अडीचवर बसलेल्या साइन वेव्हला वर फक्त एक व्होल्टची जागा उरते, म्हणजे शिखराला १५ अँप, आरएमएसमध्ये साडेदहाच्या आसपास. त्यापुढे माथा कापला जातो. ८ अँपच्या टेस्टमध्ये हे कळतही नाही, आणि १२ अँपच्या ओव्हरलोड टेस्टला कार्ड कमी वाचतं म्हणून पुन्हा कोडवर संशय. एमसीपी ६००२ चं आउटपुट दोन्ही टोकांच्या अगदी जवळ जातं. आत दोन ऑप-अँप असतात. दुसरा मोकळा सोडला नाही, फॉलोअर करून (आउटपुट उणे पायाला जोडून) त्याच अडीच व्होल्टना बांधला. मोकळ्या पायाचा ऑप-अँप कधी काय करेल याचा भरवसा नसतो.

हे सगळं झिरो पीसीबीच्या, म्हणजे नुसत्या भोकांच्या बोर्डाच्या, एका तुकड्यावर बसलं. बाहेर पडणाऱ्या तीन वायरींना सेन्सरच्याच जोडणीचा रिलीमेट कनेक्टर: पाच व्होल्ट, आउटपुट, ग्राउंड. सेन्सरचा कनेक्टर काढायचा आणि हा घालायचा. उलटा बसतच नाही. सुट्या क्लिपा टेबलावरून हद्दपार झाल्या, त्यामुळे आधी लाल लागली की काळी हा प्रश्नही गेला. माझ्या मते ऑप-अँपइतकंच श्रेय या दोन-चार रुपयांच्या कनेक्टरला आहे.

अडीच व्होल्ट कार्डाकडूनच घेतल्याचा एक फायदा टेस्टिंग सुरू झाल्यावर दिसला. काही कार्डं लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवत होते, तिथे पाचऐवजी ४.८२ व्होल्ट येत होते. खरा सेन्सर अशा वेळी आपलं शून्यही २.४१ वर आणतो, कारण तो सप्लायच्या निम्म्यावर बसतो, आणि कार्डाचा एडीसीही (व्होल्टेजचा आकडा बनवणारा भाग) सप्लायशीच तुलना करतो. आपलं सर्किटही तसंच २.४१ वर आलं. बाहेरून पक्के अडीच दिले असते, तर कार्डाला मोटर बंद असतानाही १.४ अँपच्या आसपास काहीतरी दिसलं असतं. साइन वेव्हची उंची मात्र सप्लायबरोबर बदलत नाही आणि खऱ्या सेन्सरची बदलते. म्हणून ४.८२ व्होल्टवर साडेतीन टक्क्यांचा फरक राहतो. टेस्टिंगसाठी यूएसबी बंद करून पक्क्या पाच व्होल्टचा ॲडॉप्टर ठेवला.

तपासणीचा क्रम

कार्डावरची चिप बेसमध्ये बसवलेली असते, म्हणून पहिली परीक्षा चिप काढूनच घेतली. रिकाम्या बेसच्या त्या पायावर स्कोप, जनरेटर पूर्ण, आणि कार्ड चालू-बंद, चालू-बंद. चालू होताना आउटपुट शून्यापासून अडीचकडे चढताना दिसतं, सुरुवातीला खालचे अर्धे भाग शून्यावर कापलेले, पण शून्याखाली काही नाही. मग स्क्वेअर वेव्ह, मग फ्रीक्वेन्सीचा नॉब इकडून तिकडे, मग बीएनसी चालू असतानाच काढणं आणि लावणं. टेबलावर जे जे चुकून होऊ शकतं ते मुद्दाम करून पाहिलं. कार्ड बंद आणि जनरेटर पूर्ण असताना पायावर अर्ध्या व्होल्टच्या वर काही गेलं नाही. त्यानंतर चिप बसवली.

रोजच्या कामासाठी एकच आकडा लक्षात ठेवायचा. जनरेटरच्या आउटपुटवर मल्टिमीटर एसीमध्ये लावला, तर प्रत्येक अँपला ०.३३ व्होल्ट. ८ अँपसाठी २.६४, कोरड्या पंपाच्या ५ अँपसाठी १.६५. मुलीने ते वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवलं.

मध्यंतरी मालकांनी ऑफसेटची सोय असलेला नवा जनरेटर घ्यायचा विचार केला. त्यांना एवढंच सांगितलं की घ्या, पण हा तुकडा काढू नका. नव्या जनरेटरच्या पडद्यावर दिसणारा आकडा बहुतेक वेळा ५० ओहमचा लोड धरून असतो. आपलं इनपुट तर १०० किलोओहमचं. अशा वेळी पडद्यावर अडीच लिहिलं की टोकाला पाच येतात, आणि उंचीही दुप्पट. मेनूमध्ये लोडची निवड हाय-झेड केली की आकडा खरा होतो. पण मेनू कुणीतरी कधीतरी रिसेट करतंच. सरळ कार्डाच्या पायाला जोडलेला असला, तर अशा एका रिसेटवर चिप जाते. मध्ये ऑप-अँप असला, तर फार तर साइन वेव्हचा माथा कापला जातो आणि आकडा चुकलाय हे लगेच कळतं.

दुसरं मॉडेल

या गाळ्यात एक स्वस्त मॉडेलही बनतं. त्यात मेनपासून अलग पाच व्होल्ट देणारा एसएमपीएस सप्लाय नाही. मेनमधून कंडेन्सर आणि झेनर लावून सरळ पाच व्होल्ट काढलेले. अशा कार्डाचं ग्राउंड न्यूट्रलला जोडलेलं असतं, आणि प्लग उलटा लागला तर फेजला. आपल्या सर्किटमध्ये कार्डाचं ग्राउंड जनरेटरच्या चॅसिसला आणि पर्यायाने अर्थिंगला जोडलं जातं. म्हणजे ते कार्ड मेनवर असताना, प्लग उलटा असताना हा तुकडा लावला, तर फेज सरळ अर्थला शॉर्ट. इथे ऑप-अँप, रेझिस्टर, कनेक्टर, काहीच कामाचं नाही.

म्हणून त्या मॉडेलसाठी रिलीमेटची वेगळी, चार पिनांची जागा ठेवली, जिथे हा तीन पिनांचा कनेक्टर बसत नाही. त्याचं टेस्टिंग मेन न लावता, प्रोग्रॅमिंगच्या हेडरवर ॲडॉप्टरचे पाच व्होल्ट देऊन होतं, आणि त्यासाठी चार पिनांचा दुसरा तुकडा मालकांच्या टेबलाच्या खणात असतो. मेनचे टर्मिनल तेव्हा उघडे आणि मोकळे हवेत, हे आधी मल्टिमीटरने पाहायचं. रिले (मोटर चालू-बंद करणारा स्विच) प्रत्यक्ष मेनवर ओढतो की नाही, ही शेवटची परीक्षा जनरेटर टेबलावरून पूर्ण काढल्यानंतर, खऱ्या सेन्सरवर, आणि ती मालक स्वतः करतात.